एका क्वाचाची कपात

लुसाका. अर्धा नोव्हेंबर.
छपराच्या तांब्यावर ऊन तापत राहतं
आणि आत आम्ही मागण्या मंजूर करत असतो.
राजदंड टेबलाखालच्या आकड्यांवर ठेवला
म्हणजे सभागृहाची समिती होते;
टेबलावर मग दुसरेच आकडे उरतात.

माझं काम एवढंच:
उभं राहायचं, शीर्ष सांगायचं, रक्कम वाचायची, बसायचं.
एकोणीस वर्षं वाचतोय.
अब्जांची शून्यं जिभेवरून गेली,
खिशाला त्यांचा वासही लागला नाही.
शीर्ष सत्तावीस. होय. मंजूर.
शीर्ष एकतीस. होय. मंजूर.
काही जण डुलकीतूनच होय म्हणतात.
चालतं. नियमांत जागं असण्याची अट नाही.

शीर्ष सेहेचाळीस, आरोग्य.
तेव्हा एक्झिल्दा न्सोफ्वा उठल्या,
बांग्वेउलूच्या दलदलीतल्या बेटांनी निवडून दिलेल्या,
कमरेला हिरवं चितेंगे, चष्मा हातात:
"या मागणीतून एक क्वाचा कमी करावा."

गॅलरीत शाळेची मुलं बसली होती, ती खुदकन हसली.
एका क्वाचात बाहेर टोमॅटोसुद्धा मिळत नाही.

त्यांना कोण सांगणार,
की इथे सदस्याला जास्त मागता येत नाही.
वाढवायचं ते सरकारनं,
आपल्या हातात फक्त कात्री.
म्हणून पुरत नाही हो, असं ज्याला ओरडायचं असतं
तो म्हणतो, कमी करा.
एकच क्वाचा कमी करा,
आणि त्या निमित्तानं दहा मिनिटं ऐका.

त्या होडीबद्दल बोलल्या.
दवाखान्याची होडी, तिचं इंजिन मे महिन्यापासून
दोन विटांवर उलटं ठेवलेलं,
एक वॉशर यायचाय.
बेटापासून किनारा वल्हवत साडेसात तास,
लव्हाळ्यानं वाट बुजली नसेल तर.
फेलिस्तस कटोंगो, वय बावीस, मूल आडवं आलेलं.
रात्री होडीत किती जण बसले ते त्यांनी सांगितलं.
सकाळी किती उतरले
ते सांगायच्या आत लाल दिवा लागला.

मंत्री उठले. सरकारला जाणीव आहे,
बाब विचाराधीन आहे, निधी येताच वगैरे.
इथली रीत अशी:
मंत्र्यांनी आश्वासन द्यायचं,
सदस्यानं आभार मानून सूचना मागे घ्यायची.
मी तर 'मागे घेतली' असं लिहूनही टाकलं होतं.
"नाही," त्या म्हणाल्या. "मतास टाका."

मी ते शब्द खोडले.
घंटा वाजली. कॅन्टीनमधून सदस्य आले,
ओठांना शेंगदाण्यांचं मीठ,
कशावर आहे, कशावर आहे, विचारत.
बाजूनं सदतीस.
विरुद्ध ब्याण्णव.
बाकं वाजली. एक क्वाचा वाचला होता.

उठून मी पूर्ण रक्कम वाचली,
अब्ज, कोटी, लाख, हजार,
शेवटी सातशे त्रेपन्न.
बावन्न नाही. त्रेपन्न.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
शेवटच्या आकड्यावर जीभ अडखळली.
अध्यक्षांना वाटलं, घसा सुकला असेल;
त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.
न्सोफ्वाबाई चष्मा पुसत होत्या. पुसतच होत्या.

चेल्स्टनच्या मिनीबसमध्ये कंडक्टर
रोज माझा एक क्वाचा ठेवून घेतो.
सुट्टे नाहीत म्हणतो, मीही असू दे म्हणतो.
आज हात पुढे केला
आणि तसाच धरून ठेवला, दोन थांबे.
लोक बघायला लागले:
कोट-टायमधला माणूस, आणि एका क्वाचासाठी?
शेवटी त्यानं नाणं तळहातावर आपटलं.
"एवढं काय आहे हो त्यात?"

दहा मिनिटं सांगितलं असतं.
माझा थांबा आला.